गर्दचे व्यसन असलेला माणूस अटकेत गेला, तर त्याच्या उपचारांसाठी घरच्यांनी काय करावे

गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगर या हेरॉइनच्याच अशुद्ध पावडरीच्या, आहारी गेलेला मुलगा किंवा भाऊ पकडला गेला की घरात भीतीबरोबर एक सुटकेचा निःश्वासही पडतो: आता आत राहील, पावडर मिळणार नाही, आपोआप सुटेल. ही समजूत चुकीची आहे आणि ती जिवावरही बेतू शकते. कोठडीत पावडर थांबली तरी व्यसन जात नाही; पावडर सोसण्याची शरीराची सवय तेवढी उतरते आणि बाहेर आल्यावर तेच घातक ठरते. (शिवाय तुरुंगात पावडर पोचतच नाही, असेही कोणी छातीठोकपणे सांगू नये.) म्हणून घरच्यांनी विशेष जपायचे ते दोन काळ: अटकेनंतरचे पहिले तीन दिवस आणि सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे.

हेरॉइनची शेवटची मात्रा घेतल्यावर साधारण ८ ते १२ तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोचतो आणि आठवडाभरात ओसरतो. मुंबईत पावडर घेणारे याला ‘टर्की’ म्हणतात. नाक-डोळे गळतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पायांत गोळे येतात, उलट्या-जुलाब होतात आणि झोप उडते. टर्कीने कोणी मरत नाही असे सर्रास सांगितले जाते. पण उलट्या-जुलाबांमुळे शरीरातले पाणी कमी होत असताना कोणी लक्ष दिले नाही, तर मृत्यू होऊ शकतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल, तर त्या अचानक बंद झाल्याने झटके येण्याचा धोका वेगळाच असतो.

यासाठी अटकेची बातमी कळताच एक टिपण तयार करावे. तो काय घेतो, ओढतो की टोचतो, शेवटची मात्रा केव्हा घेतली असावी, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, क्षयरोग, एचआयव्ही किंवा काविळीचे उपचार चालू आहेत का, ओएसटी केंद्रात (जेथे हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून औषध देतात) नाव आहे का, हे त्यात असावे. पावडर कोठून येते वगैरे मजकूर त्यात नसावा, आणि टिपण पोलिसांकडे देण्याआधी वकिलाला दाखवावे, कारण त्यातला शब्द खटल्यात उलटू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. त्याच वेळी वकिलाने कोठडीत उपचार मिळावेत असा अर्ज द्यावा आणि त्याची नोंद कोठडीच्या आदेशात करून घ्यावी. तोंडी विनंती त्या खोलीतच विरते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय क्रमांक आहे. मुलाखतीला जाताना त्याचा त्रास पाहवत नाही म्हणून कपड्यांतून किंवा डब्यातून काहीही नेऊ नये. तसे केल्यास आरोपींच्या यादीत आपलेच नाव जोडले जाते.

औषधाचा प्रश्न आला की घरचेच अडून बसतात. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली विरघळवायची गोळी. ती ओढ आणि टर्की दोन्ही शमवते, आणि तिच्या परिणामाला एक मर्यादा असल्याने श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी असतो. टर्कीची लक्षणे दिसू लागल्यावरच डॉक्टर पहिली गोळी देतात, कारण घाई केल्यास त्रास एकदम उसळतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप मला पटत नाही. मोजून दिलेल्या औषधावर माणूस कामाला जातो, तारखेला हजर राहतो आणि पावडरीच्या पैशांसाठी चोरी करण्याची गरज त्याला उरत नाही. दिल्लीच्या तिहार तुरुंगात हा उपचार २००८ साली सुरू झाला. पण प्रत्येक कारागृहात तो मिळतोच असे नाही. जेथे मिळत नाही तेथे अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तपासणीची मागणी करावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजारात धरल्या आहेत. त्याचा हवाला अर्जात द्यावा.

खटल्यासंबंधी वकिलाला नेमके विचारावे ते एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचा कायदा) कलम ६४-अ विषयी. केवळ सेवनाचा (कलम २७) किंवा अल्प प्रमाणाचा, म्हणजे हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंतचा, आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा त्यांची मान्यता असलेल्या संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले, तर त्या आरोपापुरता खटल्यापासून बचाव मिळू शकतो. उपचार अर्धवट सोडल्यास तो काढूनही घेता येतो. दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ खाली न्यायालय त्याच्या संमतीने, बंधपत्रावर, उपचारांसाठी सोडू शकते. विक्रीच्या मोठ्या प्रकरणात यातले काही लागू होत नाही. संस्था निवडताना मान्यतेचा कागद डोळ्यांनी पाहावा. कुलूप लावून मारहाण करणाऱ्या ‘केंद्रां’चा न्यायालयातही उपयोग नाही आणि रुग्णालाही नाही. जवळचे सरकारी केंद्र विचारण्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

सुटकेची तयारी मात्र सुटकेच्या दिवशी करून चालत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट होता. कारण साधे आहे: शरीराची सवय गेलेली असते, पण हात जुनीच पुडी उघडतो. अमेरिकेतल्याच र्‍होड आयलंड राज्याने २०१६ पासून तुरुंगातच औषधोपचार सुरू केले आणि सुटलेल्यांचे असे मृत्यू वर्षभरात सुमारे ६० टक्क्यांनी घटले. जामीन बहुधा अचानक, संध्याकाळी मिळतो. म्हणून कारागृहातील डॉक्टरांचे चालू औषधांचे पत्र आधीच मागून ठेवावे, बाहेरच्या केंद्रात बोलून ठेवावे आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तेथे न्यावे.

आधीची मात्रा आता जीव घेईल, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. बुबुळांची भोके टाचणीच्या टोकाएवढी झाली, श्वास मंदावला, घशातून घरघर येऊ लागली किंवा ओठ निळे पडले, तर १०८ ला फोन करावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, थांबला असेल तर तोंडावाटे श्वास द्यावा. मीठपाणी किंवा दूध पाजू नये. नॅलोक्सोनचे इंजेक्शन हा हेरॉइनच्या अतिमात्रेवरचा उतारा आहे. रुग्णालयात पोचताच काय घेतले ते न लपवता सांगावे. आणि उपचार चालू असताना मधेच पावडर घेतल्याचे कळले, तर घरातून हाकलण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, औषधाची मात्रा तपासून घ्यावी आणि त्या भेटीचा कागदही वकिलाच्या फाइलमध्ये लावावा.