व्हीएनसीत नवी सोय घालताय? आवृत्तीला हात लावू नका
व्हीएनसी म्हणजे दुसऱ्या संगणकाची स्क्रीन दुरून पाहण्याची, चालवण्याची सोय. तिच्या आरएफबी प्रोटोकॉलमध्ये (दोन्ही बाजूंच्या संवादाच्या नियमांमध्ये) भर घालायची असेल तर आवृत्तीचा आकडा वाढवण्याच्या फंदात पडू नका, ३.८ तसाच राहू द्या. खरी जागा एन्कोडिंगच्या (स्क्रीनचं चित्र पाठवण्याच्या पद्धतींच्या) यादीत आहे. क्लायंट (स्क्रीन पाहणारी बाजू) आपल्याला काय काय समजतं ते त्या यादीतून कळवतो, त्यातच आपला स्यूडो-एन्कोडिंग क्रमांक (चित्राची पद्धत नव्हे, नुसती ‘ही सोय मला कळते’ अशी खूण) घालायचा. उदाहरणार्थ, -२२३ म्हणजे ‘स्क्रीनचा आकार मध्येच बदलला तरी चालेल’. जुना सर्व्हर (स्क्रीन दाखवणारी बाजू) अनोळखी आकडा मुकाट सोडून देतो.

नवा मेसेज मात्र सर्व्हरकडून त्या सोयीची खूण आल्याशिवाय पाठवू नका. आरएफबीत प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला एकूण लांबी नसते (ही जुनीच डोकेदुखी). अनोळखी प्रकार आला की किती बाइट गाळायचे हे समोरच्याला कळत नाही आणि जोडणीच तुटते.