बालकलाकार ते पॉपगायक : या चुका टाळा

८ जानेवारी २०२१ रोजी ऑलिव्हिया रॉड्रिगो या सतरा वर्षांच्या अमेरिकन अभिनेत्रीचे ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ हे गाणे प्रसिद्ध झाले. ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले आणि सलग आठ आठवडे तिथून हलले नाही. त्याच वर्षी २१ मे रोजी ‘सावर’ हा तिचा पहिला अल्बम आला आणि २०२२ मध्ये तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मालिकेत काम करणाऱ्या आणि बरा गळा असलेल्या मुलांच्या पालकांना अशा यशाची गोष्ट फार जवळची वाटते. मात्र ती दुरून पाहिली की तिचा अर्थ चुकीचा लागतो आणि त्या चुकीच्या अर्थातूनच पुढच्या बहुतेक चुका घडतात.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पात्राची लोकप्रियता हीच मुलाची लोकप्रियता मानणे. मालिकेतल्या एखाद्या चिमुकल्या पात्रावर प्रेम करणारा प्रेक्षक त्या पात्रावर, त्या कथेवर आणि रोज ठरलेल्या वेळी तिला पाहण्याच्या सवयीवर प्रेम करत असतो. तोच प्रेक्षक उद्या त्या मुलाचे स्वतंत्र गाणे मन लावून ऐकेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण सब्रिना कारपेंटर या अमेरिकन अभिनेत्री-गायिकेचे आहे. २०१४ ते २०१७ या काळात डिस्ने चॅनलवरील ‘गर्ल मीट्स वर्ल्ड’ या मालिकेने तिचा चेहरा घरोघरी पोहोचवला होता, आणि डिस्नेच्याच हॉलीवूड रेकॉर्ड्स या कंपनीने तिचे चार अल्बम काढले. तरीही ‘एस्प्रेसो’ हे गाणे २०२४ मध्ये जगभर वाजू लागले, तेव्हा तिच्या पहिल्या गाण्याला दहा वर्षे होऊन गेली होती. चेहरा पहिल्या दिवसापासून ओळखीचा होता, मात्र स्वतःच्या शब्दांतली थट्टा आणि ठसका असलेली गायिका म्हणून तिची ओळख तयार व्हायला एवढा काळ जावा लागला.

मग अभिनयातून गाण्याकडे जाताना सोबत नेमके काय येते? माझ्या मते प्रसिद्धीपेक्षा कौशल्य अधिक येते. रॉड्रिगोने गाण्याचे आणि पियानोचे धडे लहानपणीच घेतले होते. पुढे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘बिझार्डवार्क’ या मालिकेतल्या भूमिकेची गरज म्हणून ती गिटार शिकली. भूमिका संपली, पण गिटार हातात राहिली. त्यानंतरच्या ‘हायस्कूल म्युझिकल’ मालिकेसाठी तिने ‘ऑल आय वॉन्ट’ हे गाणे स्वतः लिहिले आणि ते मालिकेबाहेरही ऐकले गेले. पुढे गेफेन आणि इंटरस्कोप या ध्वनिमुद्रण कंपन्यांशी करार करताना, तिथल्या प्रमुखांनी आपल्या तारकापदापेक्षा गीतलेखनाचे कौतुक केले ही गोष्ट आपल्याला महत्त्वाची वाटली, असे तिने सांगितले आहे. पालकांनी हा तपशील पुन्हा पुन्हा वाचावा. तुमच्या मुलाच्या गाण्यात पैसे गुंतवू इच्छिणारी व्यक्ती पहिल्या भेटीत केवळ त्याच्या समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या विचारत असेल आणि त्याने लिहिलेले किंवा बसवलेले काही ऐकण्याची इच्छा दाखवत नसेल, तर तिला मुलाच्या गाण्यात रस नाही असे समजावे.

यावर उपाय सोपा आहे, मात्र त्याला वेळ लागतो. मालिका सुरू असतानाच मुलाच्या हाती एखादे वाद्य द्यावे, त्याने लिहिलेल्या ओळी कितीही कच्च्या असल्या तरी त्या वहीत जपाव्यात, आणि वर्षभरातल्या दहा-पंधरा गाण्यांपैकी एकही प्रसिद्ध झाले नाही तरी वर्ष वाया गेले असे मानू नये.

दुसरी चूक पहिल्या गाण्याच्या घाईची आहे. ‘व्हिक्टोरियस’ या मालिकेमुळे नावारूपाला आलेल्या आरियाना ग्रांदेचे पहिले गाणे २०११ च्या डिसेंबरमध्ये आले. लहान मुलांच्या प्रेक्षकवर्गाला आवडावे म्हणून ते गोडगुलाबी साच्यात घडवलेले होते. ते आपले गाणे नव्हते, असे तिने पुढे स्पष्टपणे सांगितले. अशा गाण्याचे लक्षण लगेच ओळखता येते. मुलाला ते सरावापुरते पाठ असते, पण घरी सहज गुणगुणावेसे वाटत नाही. गाणे प्रसिद्ध होऊन गेले असेल आणि ही चूक नंतर कळली असेल, तर त्याच धाटणीची आणखी दोन गाणी काढून ते सावरण्याचा मोह टाळावा. ग्रांदेने तसे केले नाही. २०१३ च्या मार्चमध्ये आलेले तिचे पुढचे महत्त्वाचे गाणे रिदम अँड ब्लूज या संगीतशैलीच्या वळणाचे होते, तिच्या गळ्याला शोभणारे होते, आणि त्याच वर्षीचा तिचा पहिला अल्बम बिलबोर्डच्या अल्बमयादीत पहिल्या क्रमांकावर आला. एका अपयशी गाण्याने काही बिघडत नाही, मात्र त्याचा साचा चिकटून राहिला तर बिघडते.

तिसरी बाब चालीची आणि श्रेयाची आहे, आणि आपल्याकडे तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रॉड्रिगोच्या ‘सावर’मधील एका गाण्यात टेलर स्विफ्ट या अमेरिकन पॉपगायिकेच्या जुन्या गाण्याचा स्वरांश जाणीवपूर्वक वापरलेला होता आणि त्याचे श्रेय पहिल्या दिवसापासून छापलेले होते. त्याच अल्बममधील ‘देजा वू’च्या गीतकारांत मात्र टेलर स्विफ्ट आणि तिच्यासोबत गाणे लिहिणारे जॅक अँटोनॉफ व सेंट व्हिन्सेंट यांची नावे अल्बम आल्यानंतर, म्हणजे जुलै २०२१ मध्ये, घालण्यात आली. ‘गुड फोर यू’मध्ये पॅरामोर या बँडच्या हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो यांची नावे त्यानंतरच्या महिन्यात आली. गीतकारांच्या यादीत नाव वाढले की रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रकमेचा, वाटाही विभागला जातो, हे उघड आहे. पण त्याहून जास्त टोचते ते हे, की अठरा वर्षांच्या मुलीला आपल्या पहिल्याच मोठ्या कामाबद्दल उसनवारीच्या चर्चेला तोंड द्यावे लागले.

किशोरवयीन गीतकार जे रात्रंदिवस ऐकतो तेच त्याच्या लेखणीतून उतरते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. जुन्या चालीवर नवे पद बांधणे ही आपल्या संगीत नाटकाचीही रीत होती, आणि नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे नाव छापले जात असे. तो प्रामाणिकपणा आजही तितकाच उपयोगी आहे. गाणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी मुलाला शांतपणे विचारावे की हे लिहिताना कोणते गाणे मनात होते, आणि ज्याचे पॉपसंगीत ऐकणे दांडगे आहे अशा एखाद्या त्रयस्थाला मुखडा आणि अंतरा ऐकवावा. साम्य निव्वळ कॉर्डच्या, म्हणजे साथीच्या स्वरसमूहांच्या, क्रमाचे किंवा वातावरणाचे असेल तर सहसा अडचण येत नाही. चालीच्याच ओळी जुळत असतील, तर एक तर चाल बदलावी किंवा प्रकाशनापूर्वी मूळ हक्कधारकाची परवानगी आणि श्रेय लेखी ठरवावे. प्रकाशनानंतर कोणी हरकत घेतली, तर समाजमाध्यमांवर उत्तर देत बसू नये. गाण्याचे कच्चे आराखडे, तारखा आणि मोबाइलवर मुद्रित केलेले पहिले प्रयत्न एकत्र करून थेट वकिलाकडे जावे. म्हणूनच ते कच्चे प्रयत्न कधीही पुसून टाकू नयेत.

चौथी चूक कागदावरची आहे, आणि तिची किंमत मूल मोठे झाल्यावर कळते. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’ या चित्रपटातला मुलगा, म्हणजे जॅकी कूगन, याने बालपणी लाखो डॉलर कमावले आणि सज्ञान झाल्यावर त्यातले जवळजवळ काहीच उरले नसल्याचे त्याला आढळले. १९३८ मध्ये त्याने स्वतःच्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, आणि त्या प्रकरणातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईच्या संरक्षणाचा कायदा झाला. आज त्या कायद्यानुसार मुलाच्या कमाईतला किमान १५ टक्के भाग न्यासखात्यात (ट्रस्टमध्ये) ठेवावा लागतो, आणि २००० सालच्या सुधारणेनंतर ती कमाई मुलाचीच मालमत्ता मानली जाते.

आपल्याकडील नियम पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतात. केंद्र सरकारच्या बालकामगारविषयक नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालील मुलाला दृक्‌श्राव्य कार्यक्रमात घेण्यापूर्वी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून थेट भरावा लागतो. मालिकेचे मानधन असो वा गाण्याच्या चित्रफितीचे, ठेवीची पावती पाहिल्याशिवाय पुढच्या कामाला होकार देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. उरलेले ८० टक्केही मुलानेच मिळवलेले आहेत आणि घराच्या हप्त्याला त्यांची सवय लागली, तर पुढे मुलाने अभिनय थांबवून दोन वर्षे गाणे शिकायचे ठरवले तेव्हा घरच त्याच्या आड येते.

गाण्याच्या करारात आणखी तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्या लागतात आणि त्या एकत्र गुंडाळून सही केली जाते, हीच चूक आहे. शब्दांचा आणि चालीचा हक्क ही एक गोष्ट, ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रतीचा, म्हणजे मास्टरचा, हक्क ही दुसरी आणि गायकाचा कलाकार म्हणून असलेला हक्क ही तिसरी. टेलर स्विफ्टच्या जुन्या अल्बमांचे मास्टर २०१९ मध्ये तिच्या इच्छेविरुद्ध विकले गेले. ते पाहून रॉड्रिगोने आपल्या करारात मास्टरवरचे नियंत्रण मागून घेतले. भारतात २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली आहे. तरीही मुलाने ओळी लिहिल्या असतील आणि गीतकार म्हणून नाव दुसऱ्याचेच छापले असेल, तर ही तरतूद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आपल्या कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मूल स्वतः करार करू शकत नाही, सही पालकाची असते, त्यामुळे न वाचता केलेल्या सहीची जबाबदारीही पालकाचीच राहते. कराराची मुदत मुलाच्या अठराव्या वर्षापलीकडे जात असेल, तर तिथेच थांबून सल्ला घ्यावा.

प्रतिमा मोडण्याच्या घाईबद्दल फार लिहिण्याची गरज वाटत नाही. मायली सायरसने ‘हॅना मॉन्टाना’ ही मालिका संपल्यावर २०१३ मध्ये आपली निरागस प्रतिमा मोडून घेतलेले वळण सर्वांनी पाहिले आहे, आणि ते घेताना ती वीस वर्षांची होती, निर्णय तिचा होता. चौदा वर्षांच्या मुलाला ‘आता मोठा दिस’ असे दुसऱ्या कोणी सांगत असेल, तर त्याला ठाम नकार द्यावा.

शेवटी गळ्याबद्दल, कारण तो एकदा बिघडला की वरील सर्व काळजी निरर्थक होते. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. मुलींचा आवाजही बदलतो, मात्र तो थोडाच उतरत असल्यामुळे ते लक्षात येत नाही आणि जुनीच पट्टी पुढे रेटली जाते. सकाळी आवाज घोगरा असणे, एरवी सहज लागणारे स्वर ताणून घ्यावे लागणे, गाताना मान पुढे जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लोकांना सवयीचा असलेला मालिकेतला बालआवाज मुलाकडून मुद्दाम काढून घेऊ नये. गाण्याची पट्टी उतरवावी, काळी चारवरून काळी दोनवर आणावी लागली तरी आणावी, डबिंग आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण एकाच दिवशी ठेवू नये, आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत ओसरला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्यावी. ध्वनिमुद्रणाची तारीख आधीच ठरलेली असली, तरी ती पुढे ढकलावी.