व्हीएमची डिस्क नव्या एसएसडीवर हलवायच्या आधी

जळगावात एका डाळ मिलचं बिलिंग उबुंटूवरच्या विंडोज व्हीएममधे (व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत चालणारा कॉम्प्युटर) चालतं, मे महिन्यात त्याची डिस्क मी नव्या एसएसडीवर नेली आणि व्हीएम सुरूच होईना, परमिशन डिनाइड. सीएचमॉड ७७७ करून, म्हणजे फाइलला सगळ्यांसाठी सगळ्या परवानग्या देऊन पाहिलं तरी तेच, बाहेर ट्रक भरून उभे अन् बिल निघेना. म्हणून सांगतो भो, आधी तयारी करा.

व्हीएम नीट शटडाउन करा, व्हीएमच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलची कॉपी काढा, बॅकअप घ्या, हे तर आलंच. मग क्यूईएमयू-आयएमजी इन्फो या कमांडला बॅकिंग-चेन लावून डिस्क फाइल्सची पूर्ण साखळी बघा आणि कागदावर लिहा, कारण एक्स्टर्नल स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपून पुढचे बदल वेगळ्या फाइलमधे लिहिणारा) घेतलेला असेल तर डिस्क एक नसते, मागे बेस फाइल असते आणि ती पण सोबत न्यावी लागते. नवीन फोल्डरच्या वरच्या प्रत्येक फोल्डरला एक्झिक्यूट परमिशन आहे का ते पण बघा, फाइलची मालकी लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतः बदलून घेतो पण वाटेतले फोल्डर तो उघडत नाही.

आता खरं कुलूप, ॲपआर्मर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल उघडू शकतो हे प्रोफाइल नावाच्या नियमांच्या यादीने ठरवणारी उबुंटूची सुरक्षा. प्रत्येक व्हीएमचं वेगळं प्रोफाइल असतं, नावात यूयूआयडी (त्या व्हीएमचा ओळख क्रमांक), आणि व्हीएम सुरू होताना लिबव्हर्टचा व्हर्ट-एए-हेल्पर हा छोटा प्रोग्रॅम त्यात फक्त त्याच व्हीएमच्या डिस्क लिहितो. पण हेल्परवर पण प्रोफाइल आहे ना. वेगळ्या फोल्डरमधली क्यूकाउ२ किंवा आयएमजी नावाची फाइल तो वाचतो, पण स्नॅपशॉटला फाइलचं नाव दिलं नाही तर एक्स्टेन्शनच्या जागी स्नॅपशॉटचंच नाव येतं, ती फाइल त्याला वाचता येत नाही, मग मागची बेस त्याला दिसणारच कशी! माझं तिथंच अडकलं होतं.

कर्नल लॉगमधे डिनाइड शोधा आणि प्रोफाइलचं नाव नीट वाचा. हेल्परचं असेल तर त्याच्या प्रोफाइलच्या लोकल फाइलमधे आपल्या फोल्डरला फक्त वाचायची परवानगी द्या, शेवटी स्वल्पविराम विसरू नका, आणि ॲपआर्मर पार्सरने प्रोफाइल परत लोड करा. ती ओळ सगळ्या व्हीएमच्या कॉमन ॲब्स्ट्रॅक्शन फाइलमधे टाकू नका, नाहीतर एक व्हीएम दुसऱ्याच्या डिस्कपर्यंत पोचेल. आणि कितीही घाई असली तरी लिबव्हर्टचा सिक्युरिटी ड्रायव्हर नन, म्हणजे बंद, करू नका, तसाच राहून जातो तो.

व्हीएम चालू झालं की प्रोफाइलसोबतच्या, यूयूआयडी असलेल्या नावाच्या शेवटी “.files” असलेल्या फाइलमधे बेसचा नवीन पाथ आलाय का बघा, आणि मिलवाल्याकडून एक खरं बिल प्रिंट करून घेतल्याशिवाय निघू नका.