मुलाखतीआधी प्रोजेक्टची उलटतपासणी

फ्रेशरची गाडी बहुतेकदा प्रोजेक्टवरच अडते. ‘आम्ही अ‍ॅप बनवलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: त्यात तुमचं काम कोणतं? लॉगिनचा भाग तुमचा असेल, तर पासवर्ड कसा साठवला, हॅशिंग (पासवर्ड उलट वाचता येणार नाही अशा रूपात बदलणं) का केलं, इथवर तयारी हवी. दीड मिनिटाचं उत्तर बसवा: अडचण काय होती, तुमचा वाटा, काय बिघडलं, कसं सुटलं. ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. घोकलेलं लगेच कळतं, म्हणून वाक्यं नव्हे, मुद्दे लक्षात ठेवा.

रेझ्युमेतल्या प्रत्येक कौशल्यावर सलग तीन वेळा ‘का’ विचारा. तिसऱ्याला अडलात तर वाचून घ्या. पहिल्यालाच अडलात तर ते सरळ खोडा. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा नुसती ट्युटोरियलपुरती पाहिली असेल, तर ‘प्राथमिक ओळख’ एवढंच लिहा.