उड्डाणाआधी जुळणी: मॉडेल हेलिकॉप्टरचे पहिले धडे

रिमोटवरचे हेलिकॉप्टर शिकणाऱ्याने पहिले काही दिवस उड्डाणाला नव्हे, तर जुळणीला द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. मोटरच्या तारा सोडवून हेलिकॉप्टरचे नाक हाताने झटकन उजवीकडे वळवा. जायरोने, म्हणजे वळण ओळखणाऱ्या संवेदकाने, शेपटीच्या सर्वोला (शेपटीची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरला) नाक डावीकडे आणणारी हालचाल द्यायला हवी, कारण ही दिशा उलटी राहिली तर ते जमिनीवरच गरगरू लागते.

त्यानंतर ट्रॅकिंग, म्हणजे वरची दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते पाहणे. एका पात्याच्या टोकाला लाल आणि दुसऱ्याच्या टोकाला तेवढीच निळी चिकटपट्टी लावा, संरक्षक चष्मा घाला आणि पाती वेगात फिरत असताना त्यांच्यामुळे दिसणाऱ्या चकतीची कड लांबून पाहा. एकाऐवजी दोन रेषा दिसल्या आणि लाल वर असली, तर बॅटरी काढून त्या पात्याची लिंक (पात्याला जोडलेली छोटी दांडी) अर्धा फेरा फिरवा आणि त्याचा पिच, म्हणजे पात्याचा तिरपेपणा, कमी करा. घाईने पूर्ण फेरा देऊ नका.

ठाण्यात दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून मोकळे मैदान सकाळीच गाठावे. नवी मुंबईत विमानतळ असल्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर आधी हवाई क्षेत्र तपासावे. आडव्या काड्यांचा सराव-सांगाडा हेलिकॉप्टरच्या पायांना बांधा, शेपूट स्वतःकडे ठेवा आणि ते साधारण मीटरभर उंचीवर स्थिर धरा. अगदी जमिनीलगत पात्यांचीच हवा उसळून त्याला डळमळवते. नाक आपल्याकडे आले की डावे-उजवे उलटे होते, त्यामुळे तो सराव आधी सिम्युलेटरवरच करावा.