उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत, असं नाही

बेळगावच्या खडेबाजारातल्या कापड दुकानासाठी अँड्रॉइडवर बिलाचं ॲप करताय असं धरा. ‘पैसे भरा’ दाबलं की यूपीआयचं ॲप उघडतं. फोन इंग्रजीत असला की सगळं सुरळीत, कन्नडमध्ये असला तरी चालतं. मराठीत ठेवलेल्या फोनवर मात्र घोळ होतो, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असे फोन काही कमी नाहीत.

खोट स्ट्रिंग-फॉरमॅटमध्ये, म्हणजे आकडा मजकुरात घालणाऱ्या जावाच्या फंक्शनमध्ये असते. भाषा सांगितली नाही, तर ते फोनची भाषा धरून आकडे छापतं. मराठीचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत, कन्नडचे आणि हिंदीचे इंग्रजी. त्यामुळे पेमेंटच्या ॲपला द्यायच्या लिंकमध्ये रक्कम ‘२५०.००’ अशी देवनागरीत जाते आणि समोरचं ॲप ती नाकारू शकतं. यंत्राने वाचायची रक्कम कायम लोकेल-रूट (कुठल्याच भाषेला न बांधलेली मांडणी) देऊन फॉरमॅट करा. पडद्यावर दाखवायची रक्कम वेगळी ठेवा, तिथे देवनागरी आकडे खुशाल येऊ द्यात. उलट दिशेला आणखी एक गंमत आहे. पूर्णांक वाचणारं जावातलं इंटिजर-पार्सइंट देवनागरी आकडे निमूट वाचतं, पण दशांश वाचणारं डबल-पार्सडबल नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन ही चूक फेकतं. म्हणून नग टाकला की चालतं आणि दर टाकला की ॲप कोसळतं. आमच्या मते मराठी फोनवर चाचणी न केलेलं ॲप या भागात कुणाला देऊच नये.

भाषांतरातही असाच खड्डा आहे. ‘%s, ५०% सूट’ असं वाक्य (%s च्या जागी नाव येतं) मराठीच्या स्ट्रिंग फाइलमध्ये घालून त्यात गिऱ्हाइकाचं नाव भरायला गेलात, तर बहुधा ॲप बांधतानाच चूक दाखवली जाते, आणि ती तपासणी बंद केली असेल तर फक्त मराठी फोन क्रॅश होतात, कारण ५० नंतरचं टक्क्याचं चिन्ह फॉरमॅटची खूण समजलं जातं. ते दोनदा लिहायचं.

आता मूळ दुखणं. दुसऱ्या ॲपकडून तीन प्रकारे ‘नाही’ येतं, आणि तिन्हींना वेगळं वागवावं लागतं. ॲपच नसेल तर ॲक्टिव्हिटी-नॉट-फाउंड ही चूक येते. ती पकडा आणि ‘फोनवर यूपीआयचं ॲप नाही’ असं सरळ सांगा. ॲप आहे का हे आधी विचारत बसू नका. अँड्रॉइड ११ पासून मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) क्वेरीज, म्हणजे कुठली ॲप्स बघायची ते, लिहिल्याशिवाय दुसरी ॲप्स दिसत नाहीत, त्यामुळे असलेलं ॲपसुद्धा ‘नाही’ म्हणून कळतं. दुसरा प्रकार म्हणजे उत्तरात स्पष्ट ‘फेल्युअर’ येतं. तिसरा फसवा: रिझल्ट-कॅन्सल्ड (‘रद्द’ अशी खूण) आणि डेटा नल, म्हणजे रिकामा. गिऱ्हाइकाने मागे दाबलं असेल, पेमेंटचं ॲप मधेच बंद पडलं असेल, किंवा जांबोटीच्या बाजूला रेंज गेली असेल आणि पैसे कापलेही गेले असतील. उत्तरात ‘सबमिटेड’ (पाठवलंय, निकाल बाकी) असेल तरी हीच गत. इथे ‘पेमेंट फेल झालं’ असं लिहिलंत की गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं आणि मग काउंटरवर भांडण. ‘पैसे कापले का ते तपासतोय, पुन्हा भरू नका’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये दाखवा आणि व्यवहार क्रमांक देऊन सर्व्हरवरून खात्री करा. ‘सक्सेस’ आलं तरी खात्री सर्व्हरवरूनच. फोनवरचं उत्तर खोटं बनवता येतं.

तो व्यवहार क्रमांक दुसऱ्या ॲपकडे जाण्याआधी डिस्कवर लिहून ठेवा. २ जीबी रॅमच्या फोनवर पेमेंटचं ॲप पुढे आलं की मागचं तुमचं ॲप सिस्टिम मारून टाकू शकते. परतल्यावर क्रमांक ठेवलेलं व्हेरिएबल रिकामं, आणि ते वापरायला गेलं की नल-पॉइंटरच्या चुकीने क्रॅश.

बिलाचा फोटो दुसऱ्या ॲपला द्यायचा तर इंटेंटमध्ये (दुसऱ्या ॲपला पाठवायच्या निरोपात) बिटमॅप, म्हणजे अख्खं चित्र, कोंबू नका. हे निरोप नेणाऱ्या बाइंडरची जागा जेमतेम १ एमबी, तीही त्या प्रोसेसच्या (चालू ॲपच्या) सगळ्या चालू व्यवहारांत वाटलेली. ४००० बाय ३००० चा फोटो मेमरीत ४८ एमबी होतो. त्याऐवजी फाइल-प्रोव्हायडरने (फाइल दुसऱ्या ॲपला वाचू देणाऱ्या सोयीने) दिलेला पत्ता द्या आणि वाचायची परवानगीही सोबत द्या, नाहीतर समोरच्या ॲपला सिक्युरिटी-एक्सेप्शन (परवानगी नसल्याची चूक) येतं आणि शिव्या तुम्हाला पडतात.

क्रॅश झाला की फोन संगणकाला जोडून ‘एडीबी लॉगकॅट -बी क्रॅश’ (क्रॅशची नोंद दाखवणारी आज्ञा) चालवा आणि सगळ्यात खालचं ‘कॉज्ड बाय’ आधी वाचा. खरं कारण बहुधा तिथेच असतं. क्रॅश नोंदवायला स्वतःचा हँडलर (क्रॅश होताना चालणारा कोड) लावलात तर आधीचा जपून ठेवा आणि काम झालं की त्याला बोलवा, नाहीतर दुसऱ्या कुणाची क्रॅश-नोंदणी गप्प होते. सगळीकडे ट्राय-कॅच (चूक पकडून गिळणारा कोड) टाकून क्रॅश लपवणं हा इलाज नव्हे. त्याने बिल अर्धवट राहतं आणि कुणाला कळत नाही.

हातात फोन देण्याआधी पेमेंटचं ॲप उघडं ठेवून संगणकावरून ‘एडीबी शेल एएम किल’ आणि पुढे तुमच्या पॅकेजचं नाव द्या, मग मागे या. फोनच्या डेव्हलपर सेटिंगमधला ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ हा पर्याय फक्त ॲक्टिव्हिटी (ॲपचा पडदा) मोडतो, प्रोसेस मारत नाही. त्यामुळे स्टॅटिकमध्ये (प्रोसेस असेपर्यंत टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवलेला क्रमांक त्या चाचणीत जिवंत राहतो आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर हरवतो.