मुलुंडचं मूलुंड

मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कामात, येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. पहिला प्रश्न पैशांचा. पानामागे दर ठरतो आणि तो सांगताना मला अजून लाज वाटते, एवढ्यावरून समजून घ्या. घरभाडं भरायचं असेल तर सोबतीला दुसरं काहीतरी ठेवा. दुसरा प्रश्न, "माझं व्याकरण चांगलं आहे, चालेल ना?" चालेल की. माझंही चांगलं होतं. तिथेच तर मी आपटले.

झालं असं. गिरगावातल्या एका लहानशा छापखान्यात मी नवीन होते. एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आली होती आणि लेखक मंडळींनी जिथे तिथे 'मुल' लिहिलं होतं. मला नियम पाठ. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल, म्हणजे त्याला काना, मात्रा, वेलांटी काही नसेल, तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. म्हणून 'मूल'. एकेक कुठे दुरुस्त करत बसायचं? 'मुल' शोधा, 'मूल' घाला, सगळीकडे. एक बटण दाबलं आणि चहाला गेले.

तेवढ्यात मुलाचा 'मूलगा' झाला, मुलाखतीची 'मूलाखत' झाली. ही दोन मी परत आल्यावर पकडली आणि स्वतःवर खूश झाले. शेवटच्या पानांवर माजी विद्यार्थ्यांचे पत्ते होते. पत्ते कोण वाचतं? ती पानं छापून झाल्यावर काकांनी ते पान माझ्यासमोर धरलं. काका म्हणजे आमचे जुने मुद्रितशोधक. पानभर 'मूलुंड (पूर्व)' आणि 'मूलुंड (पश्चिम)'.

"मुलुंडचं मूलुंड केलंस. ठाण्याचं काय करणार होतीस?"

चुकांची चिठ्ठी छापून आत डकवायचं ठरलं. मजकूर मीच लिहिला. वर मथळा टाकला, 'शुद्धीपत्र'. काकांनी काही न बोलता दुसरी वेलांटी खोडून पहिली दिली.

आता नीट ऐका, कारण दोष बटणाचा नव्हता. मला नियम अर्धाच येत होता. तोच दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की ह्रस्व होतो. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलांचा. दूध-दुधात, बहीण-बहिणीने, जमीन-जमिनीवर, वकील-वकिलांकडे. म्हणजे एकच शब्द एकाच वाक्यात दोन तऱ्हांनी बरोबर असू शकतो, आणि कुठलंही बटण ते ओळखत नाही. एवढं कळलं म्हणून उड्या मारू नका. शरीरचं 'शरिरात' होत नाही, 'शरीरात'च राहतं. संगीत-संगीतात. आणि मंदिर, नागरिक, गुण, विष हे शेवटी अकारान्त असूनही ह्रस्वच. का? तर हे तत्सम, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले.

मुंबईत नवा माणूस भेटला की दुसऱ्या मिनिटाला आपण विचारतो, गाव कुठलं? शब्दांनाही तेच विचारायचं. जमीन फारसीतून आली, वकील अरबीतून, पण इथे इतके रुळले की आता घरचेच नियम पाळतात. शरीर आणि मंदिर मात्र गावाकडच्या चालीरीती सोडायला तयार नाहीत. 'शुद्धी' तर आणखी गमतीची. एकटी असते तेव्हा मराठी रीतीने दीर्घ, आणि संस्कृत नातेवाइकांत, म्हणजे समासात, बसली की पुन्हा ह्रस्व: शुद्धिपत्र. मला या कामात खरी मजा इथे येते. डोंबिवली ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये सव्वा तास एकाच शब्दाचं गाव शोधण्यात गेलेला आहे आणि तो वाया गेला असं मला वाटलेलं नाही.

घाबरू नका, नियमांचा डोंगर नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ मध्ये आणखी ४ घातले. १८ नियम एका बैठकीत वाचून होतात. आजीच्या पत्रात 'नांव', 'पांच', 'कांहीं' असायचं. उच्चारात न येणारे ते अनुस्वार याच नियमांनी गेले. जे उरले ते मात्र जपा. 'अध्यक्षानी' छापलंत तर फक्त टिंब जात नाही, अध्यक्षांचा मान जातो, आणि फोन तुम्हाला येतो.

जुन्या फॉण्टातली फाइल युनिकोडमध्ये आणली असेल तर 'ऱ्या' आणि 'र्या' डोळ्यांत तेल घालून बघा. आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण मिळतं, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन.

विरामचिन्हांना लोक फुटकळ समजतात. मोडी लिहिताना शब्दसुद्धा तोडत नसत, वाचणारा आपलं आपण समजून घेई. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली मराठीत विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं, म्हणजे हे सगळं तसं अलीकडचंच. आमच्या सोसायटीतल्या फळ्याला ते अजून कळलेलं नाही. 'लिफ्ट बंद नाही वापरावी.' चौथ्या मजल्यावरच्या आजी 'बंद'नंतर थांबल्या आणि जिने चढून गेल्या. मी 'नाही'नंतर थांबले, बटण दाबून दहा मिनिटं उभी राहिले. एका स्वल्पविरामाचं काम होतं. दुसऱ्या दिवशी मी खडूने तो घातला, तोही 'नाही'च्या नंतर, कारण तोवर लिफ्ट सुरू झाली होती.

फोनवर फिरणाऱ्या 'शुद्धलेखनाच्या शंभर टिपा' पुसून टाका. त्यात निम्म्या अशुद्ध असतात आणि उरलेल्या निम्म्यांना कारण दिलेलं नसतं. आपोआप दुरुस्त करणारी साधनं मी वापरते, पण उमेदवारीच्या काळात वापरू नका; सवय डोळ्यांना लागायला हवी. मथळे, फोटोओळी आणि पत्ते आधी वाचा. मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यांत उशिरा दिसते. गुरू निवडताना लगेच उत्तर देणारा टाळा. काकांनी चार वर्षांत मला एकही उत्तर सरळ दिलं नाही, शब्दकोश पुढे सरकवायचे. तेव्हा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

आणि नातेवाइकांच्या लग्नपत्रिका छापून आल्यावर तपासू नका. मी तपासल्या आहेत. दोन घरी आता मला बोलावत नाहीत.

चुका तुमच्या हातूनही सुटणार. माझ्या आजही सुटतात. पहिल्या वर्षी रात्री झोपेत पानं दिसतात, पुढे ते कमी होतं.

त्या स्मरणिकेनंतर सात-आठ महिन्यांनी सकाळची लोकल मुलुंडला थांबली आणि फलाटावरची पाटी समोर आली. शेवटचं अक्षर 'ड', अकारान्त. मग माझ्या नियमाने 'मुलूंड' का नाही? गाडी भांडुपला पोचेपर्यंत उलगडलं: अनुस्वाराच्या आधीचा इकार-उकार सहसा ह्रस्व. चिंच, डाळिंब, तसंच मुलुंड. छापखान्यात धावत जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचं प्रूफ सरकवलं.